कीडनियंत्रणाचा व्यावसायिक परवाना: मराठवाड्यातील नवोदितांनी प्रशिक्षणाची व परीक्षेची तयारी कशी करावी

स्वतःच्या शेतात, घरात किंवा परसबागेत औषध फवारणाऱ्याला परवाना लागत नाही. कीटकनाशक कायदा, १९६८ च्या कलम ३८ ने त्याला तशी सूट दिलेली आहे. मात्र दुसऱ्याच्या गोदामात, हॉटेलात, इमारतीत किंवा शेतात मोबदला घेऊन तेच काम केले की ते व्यावसायिक कीडनियंत्रण ठरते आणि कलम १३ खालील परवाना घ्यावा लागतो. या कायद्याखालील १९७१ च्या नियमांतील व्याख्येत शेतातील आणि हवाई फवारणीही धरलेली आहे, ही गोष्ट पुष्कळांना अर्ज भरायला बसेपर्यंत ठाऊक नसते. लातूरच्या डाळ मिला, जागोजागची धान्य गोदामे, वाळूज-शेंद्र्याचे कारखाने आणि वाळवीने हैराण झालेली घरे यांमुळे या कामाला आपल्याकडे मागणी आहे, पण ते रीतसर करायचे असेल तर प्रशिक्षण आणि त्यातील परीक्षा यांना वळसा घालून जाता येत नाही.

ही परीक्षा पाठांतराची आहे असे समजून अनेक जण औषधांच्या नावांच्या याद्या घोकतात. माझे मत वेगळे आहे. ज्याला औषधाच्या बाटलीवरचे लेबल ओळीने वाचता येते आणि त्यावरील मात्रेचे गणित करता येते, त्याची अर्ध्याहून अधिक तयारी तेथेच झालेली असते. म्हणून या लेखात त्या दोन गोष्टींवरच अधिक वेळ घालवलेला आहे.

पात्रता आणि कागदपत्रे

अभ्यासाला बसण्यापूर्वी पात्रता तपासून घ्यावी. या परवान्यासाठी कृषी शाखेची पदवी किंवा रसायनशास्त्र हा विषय असलेली विज्ञान शाखेची पदवी, आणि तिच्या जोडीला मान्यताप्राप्त संस्थेतील किमान १५ दिवसांच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र अपेक्षित असते. अशा संस्थांमध्ये म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, उत्तर प्रदेशातील हापूडची धान्य साठवण संस्था आणि हैदराबादच्या राजेंद्रनगर भागातील राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था यांचा समावेश होतो. मराठवाड्यातील उमेदवाराला हैदराबाद सर्वांत सोयीचे पडते, कारण छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड अशा कोठल्याही स्थानकावरून देवगिरी एक्सप्रेसने तेथे जाता येते.

विज्ञान शाखेच्या पदवीधरांनी आपल्या गुणपत्रिकेत रसायनशास्त्र हा विषय स्पष्टपणे छापलेला आहे का, हे आधी पाहावे. जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र अशा पदव्या असलेल्यांना याबाबत शंका असेल तर प्रशिक्षणाचे शुल्क भरण्यापूर्वीच कृषी विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करून उत्तर हाती घ्यावे. तोंडी मिळालेल्या होकारावर विसंबून राहू नये. ज्यांच्याकडे पदवी नाही, त्यांना परवानाधारकाकडे तंत्रज्ञ म्हणून काम करता येते. अशा कामगारांना सुरक्षिततेचे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी नियम ४२ ने परवानाधारकावर टाकलेली आहे, आणि त्या प्रशिक्षणासाठीही पुढील बहुतेक मजकूर उपयोगी पडेल. ड्रोनने फवारणी करण्याचा विचार असेल तर रिमोट पायलटचे प्रमाणपत्र स्वतंत्रपणे घ्यावे लागते. त्याची वाट वेगळी असल्यामुळे येथे तिचा विस्तार केलेला नाही.

कायदा: थोडा, पण नेमका

कायद्याचा संपूर्ण मजकूर पाठ करण्याची गरज नाही. हा कायदा का आला, हे लक्षात असले की कलमे आपोआप जागेवर बसतात. १९५८ मध्ये केरळ आणि तामिळनाडूत पॅराथिऑनचा संसर्ग झालेले अन्न खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर चौकशी आयोग बसला आणि पुढे १९६८ चा कायदा व १९७१ चे नियम अस्तित्वात आले. त्यामुळे या कायद्याचा सारा रोख औषधाची नोंदणी, त्याच्या वेष्टनावरील माहिती आणि ते हाताळणाऱ्याची जबाबदारी यांवर आहे. कलम ९ नोंदणीसाठी, कलम १३ परवान्यासाठी, कलम २१ निरीक्षकाच्या अधिकारांसाठी आणि कलम २७ बंदीसाठी, एवढे नीट लक्षात ठेवावे. तणनाशके, बुरशीनाशके आणि उंदीरनाशकेही याच कायद्याखाली येतात.

नियमांपैकी ३७ ते ४४ हा टप्पा मात्र बारकाईने वाचावा, कारण तोंडी परीक्षेत प्रश्न विचारायला तो सोपा पडतो. नियम ३७ मध्ये वैद्यकीय तपासणीची मुदत दिलेली आहे: कारखान्यात औषध तयार करणाऱ्या कामगाराची तपासणी कामावर घेण्यापूर्वी आणि त्यानंतर निदान दर तिमाहीला, तर कीडनियंत्रणाचे काम करणाऱ्याची वर्षातून एकदा. ऑर्गनोफॉस्फरस किंवा कार्बामेट गटातील औषधे हाताळणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनएस्टरेजची (मज्जातंतूंच्या कामाला लागणाऱ्या आणि या औषधांनी दबणाऱ्या विकराची) पातळी मात्र दरमहा मोजावी लागते. तिमाही, वार्षिक आणि मासिक या तीन मुदतींची सरमिसळ करणे ही परीक्षार्थींची नेहमीची चूक आहे. नियम ३९ व ४० संरक्षक कपडे आणि श्वसनसाधने यांविषयी, नियम ४१ उतारे व प्रथमोपचाराची औषधे यांविषयी, तर नियम ४४ रिकाम्या डब्यांची विल्हेवाट लावण्याविषयी आहे.

बंदी आणि निर्बंध घातलेल्या औषधांची यादी ताजी असली पाहिजे. एंडोसल्फानवर २०११ पासून बंदी आहे, आणि फोरेट, ट्रायझोफॉस व डायक्लोरव्हॉस ही २०२० अखेर बंद झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर कीडनियंत्रण चालकांमार्फतच करावा, अशी अधिसूचना काढली. या परवान्याशी तिचा थेट संबंध असल्याने ती अवश्य वाचून ठेवावी. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये यांतील काही औषधे शिफारशीत म्हणून छापलेली आढळतात, आणि तशी पुस्तके कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत.

लेबल हेच पाठ्यपुस्तक

ओळखीच्या कृषी सेवा केंद्रातून निरनिराळ्या औषधांची माहितीपत्रके मागून आणावीत. ती प्रत्येक डब्यात घडी घालून ठेवलेली असतात आणि गिऱ्हाईक ती बहुधा दुकानातच टाकून जाते, त्यामुळे दुकानदार ती आनंदाने देतो. त्यांच्या जोडीला केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीने प्रसिद्ध केलेली, कोणत्या पिकावर कोणते औषध किती मात्रेत वापरावे याची यादी संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी. ती विनामूल्य आहे आणि कोणत्याही खासगी गाइडपेक्षा अधिक विश्वासार्ह आहे.

लेबलावरच्या ज्या रंगीत आकृतीला आपल्याकडे लोक सर्रास त्रिकोण म्हणतात, ती प्रत्यक्षात कोनावर उभा केलेला चौरस आहे. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात इशाऱ्याचा शब्द आणि चिन्ह असते, खालच्या अर्ध्या भागात रंग. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, तोंडावाटे एलडी-५० (चाचणीतील निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात ती मात्रा) दर किलो वजनामागे १ ते ५० मिलिग्रॅम, आणि वर कवटी व हाडांचे चिन्ह. पिवळा म्हणजे तीव्र विषारी, ५१ ते ५००. निळा म्हणजे मध्यम विषारी, ५०१ ते ५०००. हिरवा म्हणजे सौम्य विषारी, ५००० च्या वर. एलडी-५० चा आकडा जितका लहान तितके विष जहाल, हे उलटे नाते घाईत निसटते आणि एक सोपा गुण हातचा जातो.

दुसरी अडचण हिरव्या रंगाची आहे. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक औषध, असा समज गावोगाव आहे. हे वर्गीकरण सस्तन प्राण्यांवरील तात्काळ विषबाधेपुरते असते. मासे, मधमाश्या किंवा पाण्यातील इतर जीव यांच्याबद्दल ते काहीच सांगत नाही. क्लोरँट्रानिलिप्रोल या अळीनाशकाच्या लेबलावर हिरवा रंग असतो, तरी पाण्यातील कवचधारी जिवांना ते फार घातक आहे. परीक्षकाने असा प्रश्न विचारला तर रंग सांगून थांबू नये. लेबलावरील पर्यावरणविषयक सूचनाही सांगाव्यात.

त्यानंतर लेबलावर पीक, कीड, मात्रा, पाण्याचे प्रमाण आणि शेवटची फवारणी ते काढणी यांतील प्रतीक्षा काळ पाहावा. एकाच औषधाचा प्रतीक्षा काळ पिकागणिक बदलतो: क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ एससी (एससी म्हणजे पाण्यात मिसळणारे दाट निलंबन) साठी तो कपाशीत ९ दिवस, हरभऱ्यात ११ दिवस आणि तूर व सोयाबीनमध्ये २९ दिवस आहे. असे आकडे पाठ करण्यापेक्षा लेबलावर ते कोणत्या रकान्यात सापडतात याची सवय हाताला लावून घ्यावी, कारण प्रात्यक्षिक परीक्षेत बहुधा लेबलच हातात दिले जाते.

मात्रेचे गणित

परीक्षेतील आकडे हेक्टरात असतात आणि आपला हिशोब एकरात, गुंठ्यात व पंपात चालतो, त्यामुळे गणित येत असूनही मुले येथेच अडखळतात. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर, एवढे धरून कामाला लागावे. तुरीवरील शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ एससी ची मात्रा हेक्टरी १५० मिली आणि पाणी किमान ५०० लिटर आहे. एकरी ती ६० मिली आणि २०० लिटर झाली. म्हणजे लिटरला ०.३ मिली, आणि १५ लिटरच्या पाठीवरच्या पंपाला ४.५ मिली. आता तोच एकर पेट्रोलवर चालणाऱ्या पंपाने पाच टाक्यांत उरकत असेल, तर टाकीमागे १२ मिली लागतील, कारण पाणी कमी झाले तरी एकराची मात्रा तीच राहते. ‘पंपाला एक झाकण’ या मापाला परीक्षेत आणि व्यवहारात दोन्हीकडे थारा देऊ नये. झाकणांचे आकार कंपनीगणिक वेगळे असतात.

याच औषधात एक खाच आहे, ती चांगल्या परीक्षार्थींनाही अडकवते. हेक्टरी क्रियाशील घटक (औषधातील किडीला मारणारा मूळ रासायनिक भाग) किती, असे विचारले की मुले १५० ला १८.५ टक्क्यांनी गुणून २७.७५ ग्रॅम असे उत्तर काढतात, आणि लेबलावर तर ३० ग्रॅम लिहिलेले असते. येथे १८.५ टक्के हे वजनास वजन असे प्रमाण आहे, म्हणजे १०० ग्रॅम औषधात १८.५ ग्रॅम. एका लिटरमध्ये मात्र क्रियाशील घटक २०० ग्रॅम असतो, म्हणून १५० मिलीत ३० ग्रॅम येतो. वजनास वजन आणि वजनास आकारमान हा फरक लेबलावर लहान अक्षरांत छापलेला असतो. तो शोधण्याची सवय लावावी.

टक्केवारीच्या द्रावणाचे सूत्र सोपे आहे: हवी असलेली तीव्रता गुणिले पाण्याचे प्रमाण, भागिले औषधाची तीव्रता. क्विनॉलफॉस २५ ईसी (पाण्यात दुधाळ होणारे तेलकट द्रावण) पासून ०.०५ टक्के तीव्रतेचे १०० लिटर द्रावण करायचे तर ०.०५ गुणिले १०० भागिले २५, म्हणजे ०.२ लिटर, अर्थात २०० मिली औषध लागेल. लिटरला २ मिली. अशी निदान काही गणिते रोज वेळ लावून सोडवावीत, आणि कॅल्क्युलेटरविना सोडवावीत.

पंपाचे अंशांकन, म्हणजे कॅलिब्रेशन, हा याच गणिताचा दुसरा भाग. पंपात साधे पाणी भरून नोझलखाली मोजपात्र धरावे व एका मिनिटात किती पाणी पडते ते मोजावे. मग नेहमीच्या चालीने एका मिनिटात किती मीटर चालले जाते, हे टेपने मोजावे. पाणी ०.९ लिटर, चाल २० मीटर आणि फवाऱ्याचा पट्टा १ मीटर असेल, तर मिनिटाला २० चौरस मीटर भिजतात. हेक्टरभर क्षेत्राला ५०० मिनिटे लागतील आणि पाणी ४५० लिटर. हे एकदा स्वतःच्या अंगणात करून पाहिले की सूत्र कायमचे लक्षात राहते. कीटकनाशकासाठी पोकळ शंकूचा फवारा देणारे नोझल आणि तणनाशकासाठी पंख्यासारखा सपाट फवारा देणारे नोझल वापरावे, हेही येथेच शिकून घ्यावे.

कीड ओळखणे आणि औषधांचे गट

प्रशिक्षणातील व्याख्याने बहुतांशी इंग्रजीत असतात, म्हणून मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी दोन रकान्यांची वही करावी. गुलाबी बोंडअळी, पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. शेंगा पोखरणारी अळी, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी, स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. गोदामातील खापरा भुंगा, ट्रोगोडर्मा ग्रॅनॅरियम. शेतातील किडी प्रत्यक्ष पाहण्यासाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कीटकशास्त्र विभाग, नांदेडचे कापूस संशोधन केंद्र, बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र किंवा आपल्या जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्र गाठावे. साठवणुकीतील किडींसाठी तेवढेही लांब जावे लागत नाही. घरातील मागच्या वर्षीच्या तुरीच्या पोत्यात कडधान्यावरचा भुंगा हमखास सापडतो.

आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे किडीची ज्या संख्येला फवारणी परवडते ती मर्यादा, हा हमखास विचारला जाणारा विषय आहे. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या) सलग तीन रात्री प्रत्येकी ८ पतंग, किंवा फुले व बोंडे यांत १० टक्के प्रादुर्भाव, ही ती पातळी. औषधांची नावे मात्र ब्रँडने लक्षात ठेवू नयेत. ती क्रियापद्धतीच्या, म्हणजे औषध किडीला कसे मारते त्याच्या, क्रमांकित गटाने ठेवावीत. ऑर्गनोफॉस्फरस व कार्बामेट गट १ मध्ये, पायरेथ्रॉइड ३ए मध्ये, निओनिकोटिनॉइड ४ए मध्ये, इमामेक्टिन ६ मध्ये आणि डायअमाइड २८ मध्ये येतात. दुकानातून दर वेळी वेगळी बाटली आणली पण गट तोच राहिला, तर किडीत प्रतिकारशक्ती येणे थांबत नाही.

विषबाधा आणि संरक्षक साधने

२०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते डोक्याएवढ्या वाढलेल्या दाट कपाशीत. म्हणून हातमोजे कसे घालायचे, हा प्रश्न क्षुल्लक समजू नये. डोक्यावर किंवा खांद्याच्या वर फवारायचे असेल तर बाह्यांची टोके मोज्यांच्या आत खोचावीत, जेणेकरून हातावरून ओघळणारे द्रावण मोज्यात अडते आणि बाहीत शिरत नाही. खाली फवारायचे असेल तर बाह्या मोज्यांवरून ओढाव्यात. पँटच्या कडा गमबुटांच्या बाहेर ठेवाव्यात. काम संपल्यावर मोजे हातात असतानाच साबणाने धुवावेत, मग बाकीची साधने उतरवावीत, आणि पुन्हा धुऊन मोजे सर्वांत शेवटी काढावेत. प्रात्यक्षिकात परीक्षक नेमका हाच क्रम पाहतात. रिकामा डबा तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओतावे आणि डब्याला भोके पाडून तो निकामी करावा, हेही करून दाखवावे लागते.

ऑर्गनोफॉस्फरस विषबाधेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ व घाम सुटतो, डोळ्यांतून पाणी येते आणि श्वास कोंडतो. डॉक्टर त्यावर अ‍ॅट्रोपिन आणि पॅम (प्रॅलिडॉक्सिम) हे उतारे देतात. कार्बामेटमध्ये अ‍ॅट्रोपिन दिले जाते, पॅम सहसा नाही. ब्रोमॅडिओलोनसारख्या उंदीरनाशकावर जीवनसत्त्व के-१ हा उतारा आहे. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड आणि पॅराक्वाट यांवर विशिष्ट उतारा नाही. रुग्णाला दवाखान्यात नेताना औषधाचा डबा किंवा माहितीपत्रक सोबत न्यावे आणि लेबलावर तसे लिहिलेले नसेल तर उलटी करवू नये. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८००-११६-११७ हा निःशुल्क क्रमांक भ्रमणध्वनीत जपून ठेवावा. परीक्षा संपल्यावरही तो लागतो.

धुरीकरण

धुरीकरण म्हणजे बंदिस्त जागेत विषारी वायू सोडून किडी मारणे. ज्यांना गोदामांचे काम करायचे आहे त्यांनी या भागाला सर्वांत अधिक मान द्यावा. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या ३ ग्रॅमच्या गोळीतून हवेतील ओलाव्याने १ ग्रॅम फॉस्फिन वायू सुटतो. या गोळ्या पाण्याच्या संपर्कात येऊ देऊ नयेत आणि एकावर एक रचू नयेत, कारण हवेत फॉस्फिनचे प्रमाण साधारण १.८ टक्क्यांवर गेले की तो आपोआप पेट घेतो. तांब्यावर हा वायू गंज चढवतो, म्हणून वीजजोडणीचे फलक आणि मोटारी आधी झाकाव्यात किंवा हलवाव्यात. १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर बंदी आहे, आणि या गोळ्या सरसकट कोणालाही विकता येत नाहीत. मिथिल ब्रोमाइड या धुरीच्या दुसऱ्या वायूचा वापर ओझोन थर वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारानुसार आता क्वारंटाइन आणि निर्यातपूर्व प्रक्रियेपुरता उरला आहे.

थप्पीवर ताडपत्री कशी बसवायची, तिच्या कडांवर वाळूच्या नळ्या कशा दाबायच्या, इशाऱ्याचा फलक कोठे लावायचा आणि वायू सोडताना आधी कोणती बाजू उघडायची, हे वाचून येत नाही. प्रशिक्षणात ज्या दिवशी हे दाखवतात, त्या दिवशी पुढे उभे राहावे आणि स्वतःच्या हाताने करण्याची संधी मागून घ्यावी.

परीक्षा आणि त्यानंतर

लेखी परीक्षेत गणिते आधी सोडवावीत, आणि प्रत्येक उत्तरापुढे एकक लिहावे. ‘६०’ आणि ‘६० मिली प्रति एकर’ यांना सारखे गुण मिळत नाहीत. तोंडी परीक्षेत एखादे औषध परिचयाचे नसेल तर अंदाजाने मात्रा सांगू नये; लेबल पाहून सांगतो, असे म्हणावे. या व्यवसायात ते कमीपणाचे समजले जात नाही.

प्रमाणपत्र मिळाल्यावर पदवीच्या व प्रशिक्षणाच्या प्रती, औषधे साठवण्याच्या जागेची कागदपत्रे आणि विहित शुल्क यांसह कृषी विभागाकडे अर्ज करावा. औषधांची साठवणूक राहत्या घरात किंवा धान्याशेजारी दाखवू नये. परवाना हाती येण्याआधीच दोन वह्या आखून ठेवाव्यात. एकीत औषधाचे नाव, बॅच क्रमांक, मुदत संपण्याची तारीख आणि शिल्लक साठा यांची नोंद राहील. दुसरीत कामाची तारीख, ठिकाण, कीड, वापरलेली मात्रा आणि काम करणाऱ्याची सही, कारण निरीक्षक आल्यावर तो प्रथम याच वह्या मागतो.